विम्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी

आयुर्विमा उतरवायचा तर अर्जात काय काय विचारतात, डॉक्टर काय तपासतात, कोणते कागद लागतात आणि अर्ज नामंजूर झाला तर पुढे काय करायचे, अशी विचारणा करणारी पत्रे आमच्याकडे अधूनमधून येत असतात. पत्र लिहिणाऱ्यांत नुकतीच नोकरी लागलेले तरुण असतात, तशा दोन-तीन मुलांच्या आयाही असतात. या पत्रांवरून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. आपल्या घरांत विमा घेतला जातो तो बहुधा कोणाच्या तरी शब्दाखातर. एजंट वस्तीतलाच असतो, पुष्कळदा नात्यातला असतो. मेव्हणा, भाचा, नाहीतर शेजारचा होतकरू मुलगा. मार्च महिना आला की तो घरी येतो, चहा होतो आणि "दादा, इथे एक सही करा" एवढ्यावर काम आटोपते. अर्जात काय लिहिले गेले हे घरधन्यालाच ठाऊक नसते, तिथे घरच्या बाईला कोठून ठाऊक असणार? आणि प्रसंग ओढवला म्हणजे तो अर्ज उघडून वाचला जातो तो नेमका तिच्यापुढे.

म्हणून या आठवड्यात अर्ज भरण्यापासून पॉलिसी हाती पडेपर्यंत काय काय घडते ते आम्ही क्रमाने सांगणार आहोत. मुख्य सांगणे एकच आहे. अर्जातील उत्तरे तुमची तुम्ही द्या, खरी द्या, आणि वाचून मगच सही करा.

विमा ही पैसेवाल्यांची गोष्ट, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. बाबासाहेबांना तसे वाटत नव्हते. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केले. विम्याचा धंदा सरकारच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे सक्तीचे करावे, अशी तरतूद त्यांनी त्यात सुचवली होती. सक्तीचा विमा काही आला नाही. मात्र १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा धंदा ताब्यात घेतला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. २००० सालापासून खाजगी कंपन्याही या धंद्यात परत आल्या. आज सक्ती नाही, निवड आपल्या हाती आहे. म्हणून शहाणपणाने निवडण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

किती रकमेचा विमा?

एजंट पहिला प्रश्न विचारतो, "महिन्याला किती भरू शकाल?" आमच्या मते हा प्रश्न उलटा आहे. पहिला प्रश्न हा, की मिळवते माणूस उद्या नसले तर घर किती दिवस चालले पाहिजे? महिन्याचा घरखर्च १५ हजार रुपये धरा. एक लाखाची पॉलिसी असेल तर ते पैसे सात महिनेही पुरणार नाहीत. धाकटा मुलगा आठ वर्षांचा असेल आणि तो हाताशी येईपर्यंत दहा वर्षे काढायची असतील तर आजच्या भावानेच १८ लाख रुपये लागतात. त्यात पतपेढीचे कर्ज असेल तर ते वेगळे.

एवढ्या रकमेचा विमा ठरावीक वर्षांनी पैसे परत देणाऱ्या पॉलिसीतून घ्यायचा तर हप्ता आवाक्याबाहेर जातो, कारण त्या हप्त्याचा मोठा भाग बचतीकडे जातो. निव्वळ संरक्षण देणाऱ्या पॉलिसीला मुदत विमा म्हणतात, एजंट 'टर्म' म्हणतात. मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पूर्ण रक्कम मिळते, माणूस सुखरूप राहिला तर बहुतेक योजनांत काही परत मिळत नाही. "मग पैसे फुकट गेले की," असे आपल्या बायाबापड्या म्हणतात. घराला कुलूप लावून गावी गेलो आणि चोरी झाली नाही, म्हणून कुलपाचे पैसे फुकट गेले असे आपण म्हणत नाही. बचत करायची तर ती पोस्टात, बँकेत वेगळी करावी. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवला म्हणजे कोणी फसवू शकत नाही.

आणखी दोन गोष्टी पैशाविषयी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी रद्द झाला आहे. त्यापूर्वी मुदत विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के कर होता. आता कोणी कराच्या नावाने वरकड रक्कम सांगितली तर पावतीवर लिहून मागा. दुसरे, "पहिला हप्ता मी भरतो" किंवा "माझ्या कमिशनमधले निम्मे तुम्हाला" असे एजंट म्हणाला तर नको म्हणा. विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने अशी सूट देण्यास आणि घेण्यास मनाई आहे, त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि जो एजंट पहिल्याच दिवशी कायद्याबाहेरची सवलत देतो, त्याला पॉलिसी लवकर गळ्यात मारायची घाई असते.

कागदपत्रे आणि १ जूनचा वाढदिवस

ओळखीसाठी आधार, सोबत पॅन कार्ड, फोटो, बँकेचे पासबुक, वयाचा पुरावा आणि उत्पन्नाचा पुरावा, एवढे कागद साधारणपणे लागतात. पॅन नसेल तर त्याऐवजी घोषणापत्र भरून द्यावे लागते. उत्पन्नासाठी पगारपत्रक किंवा आयकराचे विवरणपत्र मागतात, मोठ्या रकमेला ते हमखास मागतात.

आपल्याकडे खरी अडचण नावाची आणि जन्मतारखेची होते. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, लग्नानंतर बहिणीचे नावच बदललेले, असे प्रकार घरोघरी आहेत. आडनाव बदलून घेतलेल्या कुटुंबांनी शासकीय राजपत्राची प्रत जपून ठेवलेली असावी. विवाहित भगिनींनी विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा. अर्जात नाव लिहायचे ते आधार, पॅन आणि बँक या तिन्ही ठिकाणी जसे आहे तसेच. तिन्ही ठिकाणी सारखे नसेल तर आधी ते सारखे करून घ्या, मग अर्ज करा. एका अक्षराच्या फरकासाठी पुढे घरच्या माणसांना प्रतिज्ञापत्रे करीत फिरावे लागते.

जन्मतारखेचे तर विचारूच नका. आमच्या पिढीतील निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून! घरात कोणाला तारीख ठाऊक नव्हती, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, गुरुजींनी १ जून लिहिली आणि पोराला वर्गात बसवले. त्यात लाजण्यासारखे काही नाही. एकदा जी तारीख कागदोपत्री लागली तीच सगळीकडे चालवावी, म्हणजे झाले. विम्यात वय वाढले की हप्ता वाढतो, म्हणून वय कमी दाखवण्याचा मोह कोणी धरू नये. पॉलिसी आल्यावर तिच्यात तुमचे वय सिद्ध झाल्याची नोंद आहे की नाही हेही पाहून घ्या.

प्रश्नांची उत्तरे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. अर्जाला कंपनीच्या भाषेत प्रस्ताव म्हणतात. त्यात तुमची आधीची कोणती पॉलिसी आहे का, पूर्वी एखादा अर्ज नाकारला गेला आहे का, हे विचारतात. आई-वडील व भावंडे हयात आहेत का, नसल्यास कितव्या वर्षी कशाने गेली, हेही विचारतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, क्षय, दमा, मूत्रपिंडाचा विकार, कावीळ, झटके यांपैकी काही झाले आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का, गेल्या काही वर्षांत आठवडाभराहून अधिक उपचार घ्यावे लागले का, असे प्रश्न एकामागून एक येतात. एजंट काय करतो? सगळ्या रकान्यांत 'नाही, नाही, नाही' असे सरळ लिहीत जातो.

मुंबईच्या उपनगरातील एका वस्तीत असेच झाले. चाळिशीतला कामगार, साखरेच्या गोळ्या चालू होत्या. त्याने एजंटला तसे सांगितलेही होते. एजंट म्हणाला, "भाऊ, शुगर-बिगर लिहू नका. उगाच मेडिकल लागेल, हप्ता वाढेल. तुम्ही नुसती सही करा." वर्ष-सव्वा वर्षात हा भाऊ हृदयविकाराने गेला. कंपनीने दवाखान्याचे जुने केसपेपर मिळवले, त्यांत औषधांची नोंद सापडली आणि माहिती लपवली म्हणून दावा फेटाळला गेला. त्याची पत्नी सांगत राहिली की आम्ही काही लपवले नव्हते, एजंटला सगळे माहीत होते. एजंटने मात्र कानांवर हात ठेवले. खरे लिहिले असते तर हप्ता थोडा वाढला असता, इतकेच. वाचवले किती आणि गमावले किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

कायदा काय म्हणतो तेही समजून घ्या. १९३८ च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम २०१५ साली बदलण्यात आले. आता पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली म्हणजे कंपनीला कोणत्याही कारणाने ती खोटी ठरवता येत नाही. पूर्वी ही मर्यादा दोन वर्षांची होती, तीही अपवादांसह. पण तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर कंपनी अर्जातील प्रत्येक उत्तर तपासू शकते. महत्त्वाची माहिती चुकीची निघाली, पण फसवणुकीचा हेतू नव्हता, तर भरलेले हप्ते परत मिळतात. विम्याची रक्कम मिळत नाही. फसवणुकीचा आरोप झाला तर तो खोटा आहे हे दाखवण्याची जबाबदारी, विमेदार हयात नसल्यास, त्याच्या वारसांवर येते. म्हणजे नवऱ्याने कोणत्या उत्तरावर कशी सही केली, हे ज्या बाईला कधी कोणी दाखवलेच नाही, तिनेच तो निर्दोष होता हे सिद्ध करायचे. एजंट हा कंपनीचा माणूस धरावा असेही त्याच कलमात म्हटले आहे. परंतु चहा पिताना बंद घरात कोण काय बोलले याचा पुरावा कोठून आणणार?

एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. विमेदाराने जेमतेम दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली होती, ती नव्या अर्जात दाखवली नव्हती. पुढे काही महिन्यांतच तो वारला. त्याच्या पत्नीचा दावा न्यायालयाने नामंजूर केला. न वाचता सही केली म्हणून अर्जातील मजकुराची जबाबदारी टळत नाही, असाच त्या निकालाचा अर्थ आहे. तेव्हा आजार तर लिहाच, आधीच्या पॉलिसीही सगळ्या लिहा.

आजकाल पुष्कळदा कागदी अर्ज नसतोच. एजंट मोबाइलवर अर्ज भरतो आणि म्हणतो, "तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा." वाचकहो, तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका, असे आपल्याला आपल्या वाडवडिलांनी शिकवले. न वाचता ओटीपी सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठाच. आधी त्याच्याकडून सगळी उत्तरे मोठ्याने वाचून घ्या, घरातील शिकलेल्या मुलामुलीला पडद्यावर पाहायला सांगा, मग आकडा सांगा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या अर्जावर, प्रश्न त्यांच्या भाषेत समजावून सांगितल्याचे लिहून देणाऱ्याची सही लागते. ती सही एजंटपेक्षा शाळेतील शिक्षकाची किंवा एखाद्या जबाबदार तटस्थ माणसाची असलेली बरी.

काम, तंबाखू आणि सिकलसेल

काही प्रश्नांवर आपली माणसे विशेष अडखळतात, म्हणून त्यांविषयी वेगळे लिहितो.

पहिला प्रश्न कामाचा. गटारसफाई, कचरा, विजेच्या तारा, उंच इमारतीचे बांधकाम, रसायनांचा कारखाना, यांत काम करणारा माणूस अर्जात नुसते 'नोकरी' लिहितो. काही जण संकोचाने लिहीत नाहीत, विशेषतः सफाईचे काम असेल तर. आमचे म्हणणे असे की ज्या कामावर घर उभे राहिले ते लपवण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष काय काम करता, कायम आहात की कंत्राटी, हे स्पष्ट लिहा. धोक्याच्या कामाला कंपनी कदाचित थोडा जादा हप्ता लावील. पण त्याच कामावर काही बरेवाईट झाले तर घरच्यांचा दावा भक्कम राहील.

दुसरा प्रश्न तंबाखूचा. "मी विडी-सिगारेट ओढत नाही" म्हणून 'नाही' लिहितात. प्रश्न तंबाखूच्या कोणत्याही प्रकाराचा असतो. चुना-तंबाखू, गुटखा आणि आपल्या आया-आज्यांची मिश्रीही त्यात आली. तंबाखू खाणाऱ्याला हप्ता जास्त पडतो हे खरे. पण लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीत निकोटिनचा अंश कळतो. सोडायची असेल तर आधी सोडा आणि मग अर्ज करा, हा सर्वांत चांगला उपाय.

तिसरा प्रश्न विदर्भातील आमच्या वाचकांसाठी. तिकडे आदिवासी बांधवांत आणि आपल्याही समाजात सिकलसेल आढळतो. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केल्यापासून गावोगाव तपासण्या होत आहेत आणि लोकांना कार्डे मिळत आहेत. एजंट हे कार्ड पाहून घाबरतो आणि "दाखवू नका" म्हणतो. कार्डावर 'एएस' असेल तर तो माणूस वाहक असतो, 'एसएस' असेल तर रुग्ण. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. हा फरक अर्ज तपासणाऱ्याला कळावा म्हणून उलट कार्डाची प्रत जोडावी आणि उत्तरात शब्दात लिहावे. क्षय होऊन गेला असेल आणि उपचार पूर्ण झाले असतील तर ते पूर्ण झाल्याचा कागदही असाच जोडावा. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने विम्यात अन्यायाची वागणूक देण्यास मनाई केली आहे. शास्त्रशुद्ध विमागणिताचा आधार असल्याशिवाय कंपनीला विमा नाकारता येत नाही.

भगिनींसाठी

विमा फक्त नवऱ्याचा काढायचा, ही चूक घरोघरी होते. जी बाई धुणीभांडी, शिवण, खानावळ, नर्सिंग किंवा शिक्षिकेचे काम करून घर चालवते, तिच्या कमाईलाही संरक्षण हवे. स्वतःची मिळकत नसलेल्या गृहिणीला मात्र मोठ्या रकमेचा विमा सहजासहजी देत नाहीत. नवऱ्याचा विमा किती आहे ते विचारतात. बचत गटाचे, शिवणकामाचे उत्पन्न असेल तर ते पासबुकात दिसेल असे ठेवा, ते उपयोगी पडते.

स्त्रियांच्या अर्जात काही जादा प्रश्न असतात. सध्या दिवस गेले आहेत का, शेवटचे बाळंतपण कधी झाले, गर्भपात किंवा सिझेरियन झाले आहे का, असे विचारतात. हे प्रश्न दिराच्या किंवा भाच्याच्या वयाच्या एजंटपुढे सांगायला संकोच होतो आणि उत्तर चुकीचे लिहिले जाते. अशा वेळी तो भाग आपल्या हाताने भरावा, नाहीतर घरातील दुसऱ्या बाईकडून भरून घ्यावा. दिवस गेलेले असतील तर कंपनी काही वेळा बाळंतपण होईपर्यंत निर्णय पुढे ढकलते. त्याने नाउमेद होऊ नये.

मेडिकल आणि निर्णय

लहान रकमेला आणि तरुण वयात बहुधा मेडिकल लागत नाही. वय किंवा रक्कम वाढली, किंवा अर्जात आजार लिहिला, की कंपनी आपल्या नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवते. तिथे उंची, वजन, छाती-पोटाचे माप आणि रक्तदाब घेतात, लघवी आणि रक्त तपासतात, गरज पडली तर हृदयाचा आलेख काढतात. खर्च सर्वसाधारणपणे कंपनी करते. रक्त उपाशीपोटी द्यायचे असेल तर रात्री जेवल्यावर दुसरे काही खाऊ नका. रोजच्या गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टरला आधी विचारा. अहवाल चांगला यावा म्हणून मनाने औषध बंद करू किंवा वाढवू नका. आपल्या जागी भावाला पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती सरळ फसवणूक आहे. स्त्रियांनी सोबत घरची बाई न्यावी. महिला डॉक्टर हवी असल्यास आधीच सांगावे.

यानंतर चारपैकी एक निर्णय होतो. अर्ज ठरलेल्या हप्त्यावर मंजूर होतो. किंवा जादा हप्ता लावून मंजूर होतो. तेव्हा कंपनी तुमची संमती मागते. जादा हप्ता म्हणजे अपमान नव्हे. उलट, तुमचा आजार कंपनीला ठाऊक आहे याचा तो लेखी पुरावा आहे, आणि त्याच आजाराचे निमित्त करून पुढे दावा नाकारणे कंपनीला अवघड जाते. तिसरा निर्णय पुढे ढकलण्याचा, चौथा नकाराचा. नकार आला तर कारण लेखी मागा. दुसऱ्या कंपनीत अर्ज करता येतो, पण तिथे पहिला नकार लिहायला विसरू नका.

पैसे कधी द्यायचे? ज्या पॉलिसीत हप्ता भरताच संरक्षण सुरू होते ती सोडली, तर २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे अर्जासोबत पैसे मागण्याचे कारण नाही. मंजुरी आल्यावर हप्ता भरावा, तोही कंपनीच्या नावाने. एजंटच्या हाती रोख रक्कम देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

पॉलिसी हाती आल्यावर

पॉलिसी आली की आपण ती पेटीत घालून कुलूप लावतो. तसे करू नका. आधी पती-पत्नीने मिळून ती वाचावी. पॉलिसीसोबत तुमच्या अर्जाची प्रत येते आणि मुख्य अटी सांगणारे ग्राहक माहिती पत्रक येते. अर्जातील एखादे उत्तर चुकीचे दिसले तर ताबडतोब कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. पॉलिसी पसंत नसेल तर मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा आकार, मेडिकलचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकीचे पैसे मिळतात.

वारसाचे, म्हणजे नॉमिनीचे नाव नीट पाहा. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर आईचे नाव असते आणि लग्नानंतर कोणी ते पाहतच नाही. पुढे सासू-सुनेत वाद होतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी ज्यांचे नाव नॉमिनी म्हणून असेल, त्या रकमेवर त्यांचाच हक्क मानला जातो. म्हणून आई आणि पत्नी दोघींची नावे टक्केवारीसह घालता येतात, ते करावे. नॉमिनी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने रक्कम घेणाऱ्या सज्ञान व्यक्तीचे नावही लिहावे लागते.

हप्ता चुकला तर महिन्याच्या हप्त्याला १५ दिवसांची आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. त्यानंतर पॉलिसी बंद पडू शकते. ती पुन्हा चालू करताना तब्येतीची माहिती पुन्हा द्यावी लागते आणि वर सांगितलेली तीन वर्षे तेव्हापासून नव्याने मोजतात. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता घ्यावा आणि तो चुकवू नये.

हातावर पोट असणाऱ्यांसाठी

नाका कामगार, घरकामगार, रिक्षावाले यांच्याकडे पगारपत्रक नसते. त्यांनी निराश होऊ नये. मे २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा मिळतो. वय १८ ते ५० असावे, बँकेत किंवा पोस्टात खाते असावे. मेडिकल नाही. वर्ष १ जून ते ३१ मे असे धरतात आणि पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक ठेवावी. नाव नोंदवल्यापासून पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू झाल्यास रक्कम मिळत नाही. अनेक घरांत हे पैसे कापले जातात पण बायकोला पत्ताच नसतो. आपल्या घरचे पासबुक काढा आणि ४३६ चा आकडा शोधा.

याहून मोठी रक्कम हवी असेल तर 'सरल जीवन बीमा' विचारावा. शिक्षण, व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण यांवरून भेद न करता ५ ते २५ लाखांचा साधा मुदत विमा सर्व कंपन्यांनी द्यावा, म्हणून विमा नियामकाने जानेवारी २०२१ पासून ही एकसारखी योजना आणली. त्यात पहिल्या ४५ दिवसांत फक्त अपघाती मृत्यूला संरक्षण असते. एजंट स्वतःहून तिचे नाव बहुधा काढत नाही, आपणच काढावे.

तक्रार कोठे करायची?

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे ते पाहतात. फी नाही आणि वकीलही लागत नाही. आपल्या भगिनींना हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या नकाराच्या पत्रावरच त्या गप्प बसतात. गप्प बसू नये.

शेवटी एक सूचना. वस्तीतल्या विहारात महिला मंडळाची बैठक होते, तिथे एक दिवस प्रत्येकीने आपल्या घरची पॉलिसी घेऊन यावे आणि शिकलेल्या मुलींनी ती सर्वांना वाचून दाखवावी. कोणाचा नॉमिनी राहून गेला आहे, कोणाचा हप्ता चुकला आहे, कोणाच्या अर्जात आजार लिहिलेला नाही, हे एका दुपारी समजेल आणि वेळेवर दुरुस्त करता येईल. एजंट आपलाच मुलगा असेल तर त्यालाही बोलवावे. त्याला चार नव्या पॉलिसी मिळतील, पण अर्ज कसा भरायचा हे त्याला आधी या बायांनीच शिकवलेले असेल.